‘बस’ म्हटलं की बसणारा भैरू



आमच्याकडे सकाळी सहाला दूधवाला येतो. पातेल्यात दूध ओतताना मी त्याला ‘बस, बस’ म्हणते, म्हणजे पुरे. ते ऐकलं की आमचा भैरू असेल तिथे खाली बसतो, कारण आम्ही त्याला ‘बस’ हा शब्द मराठीतून शिकवला आहे. दूधवाला रोज हसतो आणि म्हणतो, “माँजी, हमसे ज्यादा तो ये आपकी मानता है.” गल्लीतली मुलं ‘बैठ’ म्हणतात तेव्हाही तो बसतो. मराठी घरात आणि हिंदी गावात वाढलेल्या आपल्या मुलांसारखाच तोही दोन्ही भाषांत वाढला. फरक इतकाच, की मुलं शिकून पुण्या-मुंबईला गेली आणि भैरू इथेच राहिला.

भैरू आमच्याकडे आला तो २०१३ च्या नोव्हेंबरात, कालभैरव जयंतीला. हे भैरवगढला कालभैरवाच्या दर्शनाला गेले होते. तिथे भाविक देवाचं वाहन म्हणून कुत्र्यांना पोळी, बिस्किटं घालतात, त्यामुळे कुत्र्यांची वर्दळ असतेच. दर्शन घेऊन परत आले, तर आमच्या स्कूटरच्या सावलीत महिना-दीड महिन्याचं तपकिरी पिल्लू झोपलेलं. हाकललं तरी हलेना. ज्या माणसाने घरात कधी मांजर पाऊल टाकू दिलं नव्हतं, तो माणूस पिल्लू पिशवीत घालून घरी घेऊन आला. “देवानेच दिलंय, मी काय करू?” एवढंच म्हणाले. मग नाव दुसरं काय ठेवणार?

त्या दिवशी शेजारच्या काकींशी माझी गंमतशीर वादावादी झाली. मी म्हणाले, आज कार्तिक वद्य अष्टमी. त्या म्हणाल्या, कार्तिक कधीच संपला, ही अगहनची अष्टमी. दोघींचंही बरोबर होतं. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला, म्हणून वद्य पक्षात त्यांचा महिना आपल्या एक पाऊल पुढे असतो. भैरूचा वाढदिवस म्हणूनच आमच्याकडे कार्तिकात आणि त्यांच्याकडे अगहनात असतो. तिथी एकच असल्यामुळे पेढ्यांचं मात्र जमतं. पेढे आम्ही खातो, भैरूला पोळी-दूध.

आता फिरण्याबद्दल. आमच्या लग्नाला तेव्हा तेहेतीस वर्षं झाली होती, पण आम्ही दोघं नुसतं फिरायला म्हणून कधी बाहेर पडलो नव्हतो. ह्यांची बँक, माझी शाळा, मुलाच्या परीक्षा, सासूबाईंचं आजारपण. बाहेर पडायचं ते भाजीला, लग्नाला नाहीतर दवाखान्यात. भैरू चार महिन्यांचा झाला आणि त्याने दोघांनाही पहाटे साडेपाचला उठवायला सुरुवात केली. एकाने साखळी धरायची आणि दुसऱ्याने काठी, म्हणून दोघांनाही जावं लागे.

आमचा ठरलेला रस्ता म्हणजे कोठी रोड. मोठी झाडं, विद्यापीठाचा परिसर आणि शिंद्यांच्या काळातला कोठी महाल. उज्जैनचं निम्मं फ्रीगंज सकाळी तिथे असतं. पण कुत्र्याबरोबर चालणं म्हणजे व्यायाम नव्हे, हे लवकरच कळलं. दर चार पावलांवर थांबणं, हुंगणं, विचार करणं, मग पुढे. माझी चिडचिड व्हायची. पशुवैद्यांनी एकदा समजावलं, की माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख असतात, तर कुत्र्याच्या नाकात वीस कोटींहून जास्त. “ताई, तो रस्ता वाचतोय. तुमचं वर्तमानपत्र कोणी मध्येच ओढून घेतलं तर?” त्यानंतर मी साखळी ओढणं सोडलं. तो ‘वाचत’ असताना आम्ही दोघं उभे राहून बोलायला लागलो. तेहेतीस वर्षांत राहून गेलेलं बरंच बोलणं त्या थांब्यांवर झालं.

रविवारची सहल वेगळी. भैरू स्कूटरवर ह्यांच्या पायांशी बसायचा, मी मागे. पुलावरून जुन्या शहरात उतरायचं आणि उजाडायच्या आत रामघाटावर पोचायचं. पलीकडच्या काठावर दत्त आखाडा. दत्ताच्या तसबिरीत पायांशी चार कुत्री असतात आणि ते चार वेद असं आपण लहानपणापासून ऐकतो. हे भैरूला म्हणायचे, “नमस्कार कर, तुझी माणसं आहेत तिथे.” भैरूचं लक्ष मात्र घाटावरच्या माकडांकडे. कार्तिक मेळ्याच्या दिवसांत क्षिप्रेकाठी गाढवांचा बाजार भरतो. तिथे तो एकदाच आला. इतके मोठे कान असलेले प्राणी एकाच ठिकाणी बघून तो जो ह्यांच्या पायांत शिरला, तो स्कूटर सुरू होईपर्यंत बाहेर आला नाही.

दुसरं आवडतं ठिकाण म्हणजे जयसिंहपुऱ्यातल्या वेधशाळेकडचा रस्ता. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात बांधलेल्या पाच वेधशाळांपैकी ही एक. आत एक जण जायचा, दुसरा भैरूला घेऊन बाहेर थांबायचा. उज्जैन कर्कवृत्ताच्या अगदी जवळ आहे, म्हणून २१ जूनच्या सुमारास दुपारी १२ वाजून २८ मिनिटांनी इथल्या शंकुयंत्राची सावली नाहीशी होते. शाळेच्या मुलांना ते दाखवायला मी कितीतरी वेळा नेलं होतं. पण सावली नसणं म्हणजे काय, हे मला भैरूने शिकवलं. पहिल्या उन्हाळ्यात एकदा सकाळी दहाला आम्ही त्याला घेऊन निघालो आणि तो एक-एक पाय उचलून लंगडायला लागला. डांबर तापलं होतं, आमच्या पायांत चपला होत्या.

तेव्हापासूनचा नियम तुम्हालाही सांगते. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवायची आणि सात आकडे मोजायचे. आपल्याला चटका बसला तर कुत्र्याला घरीच ठेवायचं. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. मुख्यतः जीभ बाहेर काढून धापा टाकूनच त्याची उष्णता जाते. माळव्यातल्या मे महिन्यात पहाटे सहाच्या आत आणि रात्री आठनंतर, मधे नाही. खाण्याचंही तसंच. चॉकलेट, द्राक्षं, मनुका आणि कांदा कुत्र्याला विषासारखे. म्हणजे सकाळचे पोहे आणि शिऱ्यातले बेदाणे दोन्ही बाद. साधी पोळी, दहीभात, उकडलेलं अंडं चालतं. रेबीजची लस पशुवैद्य सांगतील तेव्हा, न चुकता. आणि कोणत्याही कुत्र्याने चावा घेतला, तर हळद-चुना न लावता आधी पंधरा मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा.

२०१६ चा सिंहस्थ आठवतो. आमच्याकडे महाराष्ट्रातले नऊ पाहुणे होते. भैरू उंबऱ्यापाशी चपलांच्या ढिगात झोपायचा आणि रात्री कोण बाहेर गेलं, कोण आलं याचा हिशेब ठेवायचा. ५ मे रोजी वादळ-पावसाने मेळ्यातले मंडप कोसळले. त्या दिवशी दुपारपासून तो पलंगाखालून बाहेर यायला तयार नव्हता. वहिनी स्नानाला निघाल्या होत्या, त्यांना ह्यांनी थांबवलं. “भैरू नको म्हणतोय,” म्हणाले. आम्ही हसलो होतो. संध्याकाळी कोणी हसलं नाही.

गणपतीत आरतीला शंख वाजला की भैरू मान वर करून सूर लावायचा. पहिल्या वर्षी गुरुजी दचकले, दुसऱ्या वर्षी विचारू लागले, “भैरूबुवा कुठायत?”

२०१९ च्या श्रावणात हे गेले. तीन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. घर माणसांनी भरलं आणि रिकामं झालं. मुलगा, सून तेराव्यानंतर पुण्याला परतले. भैरू मात्र साडेपाचला येऊन उभा राहायचाच. मी जायची, पण मान खाली घालून. कोणी बोलेल या भीतीने ठरलेली वेळ टाळून, उशिरा.

त्या दिवाळीत आम्हाला सण नव्हता, पण गल्लीला होता. कुत्र्याला आपल्या दुपटीहून वरच्या पट्टीतले आवाजही ऐकू येतात, फटाका त्याला किती टोचत असेल कोण जाणे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फाटकाशी लड लागली आणि भैरू पट्टा तोडून पळाला. मी रात्री एकपर्यंत हाका मारत फिरले. पहाटे, आयुष्यात पहिल्यांदा, त्याच्याशिवाय कोठी रोडवर गेले.

आणि मी तोंड उघडायच्या आत माणसं विचारायला लागली, “भैरू कहाँ है?” विद्यापीठाच्या फाटकावरचा पहारेकरी, पेपर टाकणारा मुलगा, पळायला येणाऱ्या कॉलेजच्या पोरी, पोह्यांची गाडी लावणारे भैया. मला त्यांची नावं माहीत नव्हती. त्यांनाही माझं नाव माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी मी ‘भैरू की माँजी’. पोरींनी फोनमधले भैरूचे फोटो काढून दाखवले. त्यांच्याकडे ते होते, हेही मला ठाऊक नव्हतं. सात-आठ जण चार दिशांना पांगले. नऊच्या सुमारास विक्रम वाटिकेजवळ एका बंद हातगाडीखाली तो सापडला. थरथरत होता. रात्रीत कोणीतरी त्याच्या अंगावर पोतं टाकलं होतं. कोणी, ते आजपर्यंत कळलं नाही.

पोहेवाल्या भैयांनी मला स्टुलावर बसवलं, चहा मागवला. मग हळूच विचारलं, “साहब बहुत दिनों से नहीं दिखे.” मी सांगितलं. त्यांनी पोह्यांच्या कढईखालचा गॅस बंद केला आणि काही न बोलता शेजारी उभे राहिले. समोर गिऱ्हाईक होतं, तरीही. ह्यांच्यानंतर परक्या माणसासमोर मी त्या दिवशी पहिल्यांदा रडले. भैरू माझ्या पायावर डोकं ठेवून झोपला होता. दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा साडेपाचला जाऊ लागले, मान वर करून.

आता भैरूने बारा वर्षं ओलांडली आहेत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, मागचे पाय धरतात, ऐकू कमी येतं. गेल्या दिवाळीत फटाके वाजत होते आणि तो शांत झोपून राहिला. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. आमचा फेरा कोठी रोडवरून गल्लीच्या तोंडापर्यंत आणि तिथून तीन घरांपर्यंत आला आहे. तीन घरांना वीस मिनिटं लागतात, कारण वाचन अजून सुटलेलं नाही. रविवारी मात्र ई-रिक्षा करून कोठी रोडवर जातो. महाकाल लोक झाल्यापासून जुन्या शहरात गर्दी फार, त्यामुळे रामघाट बंदच झालाय. कोठी रोडवर एका बाकाशेजारी तो बसतो आणि ओळखीची मंडळी येऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवून जातात.

मुलगा गेली सहा वर्षं म्हणतोय, “आई, आता पुण्याला ये.” मी सांगायची, तुमच्या सोसायटीत कुत्रा चालणार नाही. मग त्याने मला भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचे नियम पाठवले. सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. मी म्हणाले, प्रवास झेपणार नाही. त्याने रेल्वेच्या फर्स्ट एसीत कुत्र्याला कूपेमधून कसं नेता येतं, ते शोधून काढलं. मी म्हणाले, बाळा, त्याला दिसत नाही, ऐकू येत नाही. इथला प्रत्येक खांब त्याला नाकाने माहीत आहे. अकराव्या मजल्यावर तो काय करेल? पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, “आई, हे तू भैरूचं सांगतेस की तुझं?”

खोटं बोलायचं वय आता राहिलं नाही. मी म्हणाले, “दोघांचं.” त्यानंतर त्याने हा विषय काढलेला नाही. दर दोन महिन्यांनी तोच येऊन जातो. परवा आला तेव्हा पहाटे आमच्याबरोबर तीन घरं चालला. भैरू हुंगत थांबला, तसा तोही थांबला आणि बाबांच्या बँकेतल्या पहिल्या दिवसांबद्दल विचारू लागला. त्याने हे पूर्वी कधी विचारलं नव्हतं.

मंडळी, तुमच्या घरात असा कोणी असेल, तर त्याची साखळी ओढू नका. वीस मिनिटांची चाळीस झाली तरी चालतील.

दूधवाला अजूनही सहाला येतो. हल्ली मी हळू ‘बस’ म्हटलं तर भैरूला ऐकू जात नाही, म्हणून जरा मोठ्याने म्हणते. दूध पातेल्याच्या काठापर्यंत येतं, कधी थोडं सांडतंही. दूधवाला माप हातात धरून थांबतो. भैरू कान हलवतो, मागचे पाय सावकाश दुमडतो आणि बसतो.