चूक की डाव?

कुस्तीच्या फडात एखादा पैलवान मुद्दाम पाय पुढे टाकतो. पाहणारे ओरडतात, "अरे, चुकला!" समोरचा पाय धरायला वाकतो आणि तोच चीत होतो. जी चूक वाटली, तो डाव होता. राजकारणातही असे घडते. त्याची एक खरी हकिगत ऐका.

१९३० साल. देशावर इंग्रजांचे राज्य होते. गांधीजींनी ठरवले, मिठाचा कायदा मोडायचा. पुष्कळांना हसू आले. स्वराज्य मागायचे आणि चिमूटभर मीठ उचलायचे? पंडित नेहरूंनाही प्रथम नवल वाटले. व्हाइसरॉय आयर्विन यांनी तर विलायतेला कळवले, की मिठाच्या या चळवळीने आपली झोप उडालेली नाही.

गांधीजींनी आणखी एक गोष्ट केली. २ मार्चला आयर्विन यांना पत्र लिहून आपला बेत आधीच कळवला. मग १२ मार्चला साबरमतीहून पायी निघाले. दांडी गाव सुमारे २४० मैल दूर. आगगाडी सोडून चोवीस दिवस चालत जायचे! शत्रूला खबर द्यायची आणि वेळही द्यायचा! याहून मोठी चूक कोणती?

पण यात हिशेब होता. सांगा बरं, मिठावाचून कोणाचे जेवण होते? हिंदू असो, मुसलमान असो, मजूर असो, सावकार असो, मीठ सर्वांना लागते. त्यावर सरकारचा कर होता. समुद्राकाठी आपोआप तयार झालेले मीठ उचलायलाही बंदी होती. हा अन्याय समजायला शिक्षण लागत नव्हते. पायी चालल्यामुळे वाटेवरची गावे जागी झाली. वर्तमानपत्रांतून रोज बातमी गेली.

सरकार मात्र पेचात पडले. पकडावे, तर चिमूटभर मिठासाठी म्हाताऱ्याला तुरुंगात घातले म्हणून जग हसणार. सोडावे, तर कायद्याचा धाक जाणार. ६ एप्रिलला गांधीजींनी मीठ उचलले. सरकारने त्यांना पकडले ते मे महिन्यात. तोवर वणवा देशभर पसरला होता. त्या चळवळीत साठ हजारांवर माणसे तुरुंगात गेली.

आपल्या विदर्भात समुद्र कुठला? पण अकोल्याकडे पूर्णा नदीच्या पट्ट्यात विहिरींचे पाणी खारे आहे. दहीहंडा गावी लोकांनी त्याच पाण्यापासून मीठ केले. पुढे जुलैत लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला. राखीव जंगलात परवान्याशिवाय गवत कापायला बंदी होती. त्यांनी गवत कापले. गवत कापून कुठे राज्य मिळते? पण गवताचे दुःख ज्याच्या घरी बैल आहे त्या प्रत्येकाला कळत होते.

मिठाचा कर लगेच गेला नाही. तो उठला १९४७ साली. पण १९३१ च्या मार्चमध्ये त्याच आयर्विन यांना गांधीजींशी करार करावा लागला. समुद्राकाठच्या गावकऱ्यांना घरापुरते मीठ करायची मोकळीक मिळाली.

आता आपल्यापुरते पाहू. निवडणुकीत एखादा पुढारी काही वेडेवाकडे बोलतो. आपण पारावर चार दिवस त्याचीच चर्चा करतो. नळाचे पाणी, रस्ता, पिकाचा भाव, सारे विसरतो. कदाचित त्याला तेच हवे असेल!

प्रत्येक चुकीमागे डाव असतोच असे नाही. काही चुका या नुसत्या चुकाच असतात. म्हणून तीन प्रश्न विचारावेत. याची तयारी आधीपासून होती का? यामुळे समोरचा पेचात पडला का? आणि शेवटी फायदा कोणाचा, लोकांचा की त्या एकट्याचा?

गांधीजींचा डाव उघडा होता. त्यांनी तो आधी सांगितला आणि त्याची शिक्षाही स्वतः भोगली. जो डाव लपवला जातो आणि ज्याची किंमत दुसऱ्याला द्यावी लागते, त्याच्यापासून सावध राहावे. हसायला वेळ लागत नाही. पण मत देण्याआधी थोडा वेळ घ्यावा.