इतिहास व मानवशास्त्र यांचा जोड-अभ्यास आणि जुन्या कागदांची जपणूक

पदवी-परीक्षा झाल्यावर पुढें इतिहास घ्यावा कीं मानवशास्त्र घ्यावें, असा प्रश्न पुण्यांतील पुष्कळ होतकरू विद्यार्थ्यांपुढें उभा राहतो. विद्यापीठाच्या व्यवस्थेंत हीं दोन शास्त्रें निरनिराळ्या विभागांत असल्यामुळें एकास घेणें म्हणजे दुसऱ्यास सोडणें, असा समज सहज होतो. दप्तरें धुंडाळणारा तो इतिहाससंशोधक आणि गांवोगांव हिंडून चालीरीती टिपणारा तो मानवशास्त्रज्ञ, अशी वांटणी रूढ आहे. ती सोयीची असली तरी महाराष्ट्राच्या समाजेतिहासास हानिकारक आहे. शिवाय तिचा संबंध केवळ विद्यार्थ्यांशीं नसून, ज्यांच्या घरीं जुने कागद आहेत त्या संग्राहकांशींहि आहे. हें प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे.

(१) पुण्यांतील परंपरा.

हीं दोन शास्त्रें पुण्यांत एकत्र नांदल्याचें ठळक उदाहरण म्हणजे डेक्कन कॉलेज होय. १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत पाठशाळा म्हणून सुरू झालेल्या या संस्थेस १८६४ सालीं डेक्कन कॉलेज हें नांव मिळालें. १९३४ सालीं कॉलेज बंद पडलें, व १९३९ च्या ऑगस्टांत पदव्युत्तर अध्ययन आणि संशोधन यांची संस्था म्हणून तें पुन्हां उघडलें. त्या आरंभींच्या अध्यापकवर्गांत मराठ्यांच्या इतिहासासाठीं प्रो. त्र्यंबक शंकर शेजवलकर, पुरातत्त्वासाठीं डॉ. हसमुख धीरजलाल सांकळिया आणि समाजशास्त्र व मानवशास्त्र यांसाठीं डॉ. इरावतीबाई कर्वे हे होते. साताऱ्याचा पारसनीस-संग्रहहि त्याच वर्षीं तेथें आला. म्हणजे दप्तर, उत्खनन आणि जिवंत समाज या तिन्ही प्रकारच्या साधनांचे जाणते येरवड्याच्या एकाच आवारांत जमले.

हें साहचर्य नुसतें नांवाचें नव्हतें. गुजराथेंत लांघणज येथें सूक्ष्म दगडी हत्यारांबरोबर मानवी सांगाडे सांपडले, तेव्हां त्या कामांत सांकळिया व इरावतीबाई दोघांचाहि भाग होता, आणि १९४९ सालीं त्यांनीं त्यावर संयुक्त निबंध प्रसिद्ध केला. इरावतीबाईंचा १९५३ चा भारतीय आप्तसंबंधांवरील ग्रंथ पाहावा. त्यांत वेद-महाभारतांतील नात्यांचे शब्द व हल्लींच्या निरनिराळ्या प्रांतांतील नात्यांचे शब्द हीं दोन्ही साधनें जवळ जवळ ठेवून तपासलेलीं आहेत. विवाहसंस्थेचा इतिहास लिहितांना कै. राजवाडे यांचा भर ग्रंथांतील उल्लेखांवर होता. त्याच विषयाकडे इरावतीबाई ग्रंथ व माणसें या दोन्ही बाजूंनीं गेल्या. पुढें १९४९ सालीं पुणें विद्यापीठ स्थापन झालें, व आज तेथें इतिहास व मानवशास्त्र असे दोन विभाग आहेत. डेक्कन कॉलेजहि १९९० पासून अभिमत विद्यापीठ आहे. विद्यार्थ्यास साधनांची वाण नाहीं. तीं एकत्र आणणें हें काम मात्र त्याचें त्यालाच करावें लागतें.

(२) एकच प्रश्न, दोन पुरावे.

जोड-अभ्यासानें काय साधतें हें बलुत्याच्या उदाहरणानें स्पष्ट होईल. उत्तर हिंदुस्थानांतील करीमपूर या खेड्यांत राहून वायझर यांनीं १९३६ सालीं जजमानी पद्धतीचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांत कारागीर कुटुंब व त्याचें यजमान कुटुंब यांचा वंशपरंपरेचा संबंध हा मुख्य धागा होता. पुढें ही कल्पना हिंदुस्थानांतील सर्वच खेड्यांस सरसकट लावण्याची प्रवृत्ति अभ्यासकांत वाढली. महाराष्ट्रांतील बलुतेदारहि त्यांतच बसवावे काय? याचें उत्तर केवळ आजच्या खेड्यांत राहून मिळण्यासारखें नव्हतें, कारण रोख मजुरी व बाजार यांनीं जुनी व्यवस्था बरीचशी मोडून टाकलेली होती.

जपानी संशोधक हिरोशी फुकाझावा यांनीं पेशवेकालीन मराठी कागदांच्या आधारें १९७२ सालीं याची तपासणी केली. त्यांतून असें दिसून आलें कीं, अठराव्या शतकांतील महाराष्ट्रांत बलुतेदार हा अमक्या एका घराचा नव्हे, तर सबंध गांवाचा चाकर होता. त्याचें वतन गांवांत होतें व त्याचा हक्क गांवच्या पिकावर होता. प्रश्न मानवशास्त्रानें उपस्थित केला, उत्तर दप्तरानें दिलें. प्रश्न नसता तर ते कागद हक्कांच्या किरकोळ तंट्यांचे म्हणून पडून राहिले असते. कागद नसते तर उत्तरेकडील नमुना आमच्यावर कायमचा लादला गेला असता.

उलट दिशेनेंहि हें खरें आहे. कै. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांव-गाडा’ १९१५ सालीं निघाला. गांवांत प्रत्यक्ष पाहिलेल्या व्यवहाराचें जें वर्णन त्यांत आहे, तें वाचल्यावांचून दप्तरांतील कित्येक हक्कांचा अर्थ नुसत्या कोशावरून लागत नाहीं. कै. नारायण गोविंद चापेकर यांनीं तर ‘बदलापूर’ हें एका गांवाचें समग्र वर्णन १९३३ सालीं व ‘पेशवाईच्या सावलींत’ हा जुन्या हिशेबी कागदांवरील ग्रंथ १९३७ सालीं, अशीं दोन्ही कामें स्वतःच केलीं.

(३) महजराची साक्ष.

संग्राहकांच्या विशेष परिचयाचा कागद म्हणजे महजर. वतनाच्या तंट्यांत गोत जमून निर्णय देई, व त्या निर्णयपत्रावर हजर असलेल्यांचीं नांवें व निशाण्या उमटत: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, आणि इतरांचीं आपापल्या धंद्याचीं चिन्हें. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनीं मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील आपला प्रबंध अशाच महजर, करीने व निवाडपत्रें यांवर उभारला. तो डेक्कन कॉलेजनें १९५३ सालीं प्रसिद्ध केला. राजकीय इतिहासाच्या दृष्टीनें अशा कागदाचें महत्त्व बेताचें वाटेल. मानवशास्त्राच्या दृष्टीनें मात्र ती एका दिवशीं एका गांवीं भरलेल्या समाजाची हजेरी आहे. कोणत्या जातीस गोतांत स्थान होतें, कोणाचें नांव आधीं व कोणाचें मागून, कोणाचें मुळींच नाहीं, बायकांचे हक्क कोणाच्या तोंडून मांडले जात, हें सर्व त्यांत वाचतां येतें. नक्कल करणाऱ्यानें मजकूर तेवढा उतरून निशाण्या व साक्षी गाळल्या, तर कागदाचा हा अर्धा जीव जातो.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. तंट्यांतील कागद हा हक्काचा दावा सांगतो. रोजचा व्यवहार तसाच होता असें त्यावरून सिद्ध होत नाहीं. तसेंच आज दिसणारी चाल दोनशें वर्षांपूर्वीं अशीच होती, असेंहि मानतां येत नाहीं. दोन्ही पुरावे परस्परांची झडती घेतात, हाच त्यांच्या जोडीचा मुख्य उपयोग.

(४) स्थान सुटलें कीं पुरावा सुटला.

शिरूर तालुक्यांत घोड नदीकांठीं इनामगांव येथें १९६८ पासून १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजनें उत्खनन केलें. तेथें घरांच्या जमिनीखालीं तोंडास तोंड लावून आडवे ठेवलेले दोन दोन रांजण निघाले, व त्यांत लहान मुलांचे सांगाडे होते. तोच रांजण कोणीं उचलून बाजारांत विकला असता, तर तें एक जुनें भांडें एवढेंच राहिलें असतें. तो घराच्या जमिनीखालीं, जोडीच्या रांजणासह, अमक्या थरांत सांपडला, म्हणूनच तीन हजार वर्षांपूर्वींच्या माणसांची मृत बालकांविषयींची भावना आपणांस थोडीतरी कळते.

कागदाचेंहि असेंच आहे. एखाद्या कुळकर्ण्याच्या घरचा रुमाल सोडून त्यांतील शिक्क्याची सनद एकाकडे, वंशावळ दुसऱ्याकडे आणि उरलेले हिशेबाचे बंद रद्दींत गेले, म्हणजे एक पुरलेलें घरच उकरून विखुरल्यासारखें होतें. सनद तर बहुधा वाचते, कारण तिला मान आहे. नाहींसे होतात ते लग्नखर्चाचे, देवदेवकाचे व उसनवारीचे कागद. आणि कोणत्या घराण्याशीं सोयरीक झाली, कोणत्या देवास काय वाहिलें, कोणाकडून धान्य उसनें घेतलें, हें सांगणारे तेच असतात.

(५) विद्यार्थ्याची तयारी.

या मार्गानें जाणाऱ्यानें प्रथम मोडी हस्तगत करावी. तीहि छापील कित्त्यावरून नव्हे, निरनिराळ्या हातांच्या कागदांवरून. कालगणनेचा अभ्यास दुसरा. सुहूर सन मृगापासून बदलतो, व त्यांत ५९९ किंवा ६०० मिळविल्यानें इसवी सन येतो. अशा गोष्टी अंगवळणीं पडल्यावांचून कागदांचा क्रम लागत नाहीं. तिसरी गोष्ट, ज्या गांवचे कागद वाचले त्या गांवीं जाऊन राहावें, शिवार चालून पाहावा, घराण्यांच्या वंशावळी त्यांच्याच तोंडून, त्यांच्या संमतीनें लिहून घ्याव्या. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याभोंवतालच्या टेकड्या व जुन्या वाटा पायीं हिंडले. सूक्ष्म दगडी हत्यारें व मातृदेवतांचीं ठाणीं यांची त्यांनीं जी सांगड घातली ती त्यांच्या १९६२ च्या ग्रंथांत आहे. टेबलाशीं बसून ती हातीं आली नसती.

चवथी गोष्ट मनाची. इरावतीबाईंनीं बर्लिनमध्यें ऑयगेन फिशर यांच्या हाताखालीं कवटीच्या असमतेवर प्रबंध लिहिला. फिशर हे वंशभेदाचे पुरस्कर्ते होते; परंतु त्या असमतेचा वंशाशीं संबंध मोजमापांतून निघत नाहीं, असाच निष्कर्ष इरावतीबाईंनीं मांडला. गुरूचें मत, जातीचा अभिमान वा घराण्याची कीर्ति यांपैकीं कशासहि पुराव्यावर चढूं न देणें हें दोन्ही शास्त्रांचें समान व्रत आहे.

(६) संग्राहकांस विनंति.

विद्यार्थी कितीहि तयार असला तरी त्याचें भांडवल संग्राहकांच्या हातीं आहे. यासाठीं पुढील गोष्टी पाळाव्या. रुमाल ज्या बांधणींत मिळेल त्याच बांधणींत ठेवावा. सोडावाच लागला तर आधीं कागदांचा क्रम टिपून घ्यावा. कोणत्या गांवीं, कोणत्या घराण्याकडून, कोणत्या सालीं व कशा रीतीनें कागद मिळाले हें त्याच दिवशीं लिहावें, व घरच्या वडील माणसांनीं सांगितलेली हकीकतहि तिचे सांगणारे कोण यासह नोंदावी. नक्कल करतांना निशाण्या, पाठीवरील शेरे व कोरी सोडलेली जागा यांचा उल्लेख गाळूं नये. हिशेब व घरगुती याद्या क्षुल्लक म्हणून टाकूं नयेत. कागद विकणें भाग पडल्यास दप्तर अखंड द्यावें, सुटे कागद निवडून देऊं नयेत. आणि कागद ज्या घरांतून आला तेथील माणसें हयात असतील, तर विद्यार्थ्यास त्यांच्याकडे जाण्याची वाट दाखवावी. कागदाचा अर्थ विचारण्यास तीं आज आहेत, पुढील पिढीस असतीलच असें नाहीं.