करवत कोणाच्या हाती?

डिसेंबर २०१६ मध्ये मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव एकाएकी सर्वत्र गाजले. राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून १ डिसेंबर रोजी त्याची घोषणा झाली आणि बँक ऑफ बडोदाच्या साहाय्याने किरकोळ दुकानदारांच्या गल्ल्यावर कार्ड घासण्याची यंत्रे आली. त्या प्रयोगाचे पुढे काय झाले, हा येथे विषय नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, शे-दोनशे रुपयांच्या व्यवहारापूर्वीही ते चिमुकले यंत्र ग्राहकाला त्याचा गुप्त क्रमांक विचारीत असे आणि तो जुळल्याखेरीज पुढे सरकत नसे. अशाच बाजारपेठेच्या गावांतून सुताराच्या शेडमध्ये मिनिटाला सुमारे ३,००० फेरे घेणारी गोल करवत असते. ती मात्र कळ दाबणाऱ्याला काहीच विचारीत नाही.

शहापूर-मुरबाड हा सागवानाचा मुलूख. पूर्वी येथील सुताराचे काम नांगर, बैलगाडी आणि घराच्या चौकटी यांपुरते असे. हत्यारे हाताची होती आणि त्यांना लागणारी शक्ती माणसाच्याच दंडातली होती. हातकरवत चुकली तर कातडी सोलवटते; विजेची करवत चुकली तर बोट जाते. कल्याण-बदलापूरकडून सरकत आलेल्या बंगल्यांच्या आणि फार्महाऊसच्या बांधकामांनी दारे-खिडक्यांची मागणी वाढविली आणि तिच्याबरोबर यंत्रे आली. हाती धरावयाचे कटर आज दोन-तीन हजार रुपयांत मिळते. अनेक ठिकाणी तर संगमरवर कापण्याच्या कटरला लाकडाची दातेरी चकती चढविली जाते, प्लायवूडच्या फळीला भोक पाडून ते खालून उलटे बसविले जाते आणि दोन घोड्यांवर ती फळी ठेवली की ‘टेबल करवत’ तयार होते. तिला ना संरक्षक टोपण असते, ना चटकन हाती लागेल असे बटण. या कल्पकतेचे कौतुक करावे की तिची धास्ती घ्यावी, हे चटकन ठरविता येत नाही. तिच्यापुढे बहुधा उभा असतो तो महिन्या-दोन महिन्यांपूर्वी ‘हेल्पर’ म्हणून आलेला एखाद्या वाडीवरचा किंवा परप्रांतातला तरुण.

कायदा याविषयी अगदीच मुका आहे असे नव्हे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने धोक्याच्या यंत्रांना आडोसा सक्तीचा केला. त्याखाली झालेल्या लाकूडकामाच्या यंत्रांविषयीच्या नियमांत गोल करवतीच्या मागे पोलादी पाते हवे, चिरलेले लाकूड पुन्हा मिटून करवतीला आवळता कामा नये, लाकूड पुढे सारण्यासाठी काठी हवी, असा बारीक तपशील आला. पुरेसे शिक्षण झाल्याविना, अथवा जाणत्या माणसाच्या देखरेखीविना, कोणासही अशा यंत्रावर कामाला लावू नये, हेही सांगितले गेले. वाक्य निर्दोष आहे. परंतु ‘पुरेसे’ झाले की नाही हे कोणी, केव्हा आणि कसे पाहावयाचे, याचे उत्तर त्यात नाही. ते मालकाच्या मर्जीवर राहिले.

शिवाय हा कायदा विजेवर चालणाऱ्या आणि किमान १० कामगार असलेल्या जागेला लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने कारखान्याच्या व्याख्येतील ही संख्या २० केली. तीन-चार माणसांची सुतारशेड त्या व्याख्येपासून आता अधिकच दूर गेली. लहान जागांनाही कायदा लागू करण्याचा अधिकार जुन्या अधिनियमाच्या कलम ८५ ने राज्य सरकारला दिला होता. पण अधिकार असणे वेगळे आणि निरीक्षक दाराशी येणे वेगळे.

परवान्याची कल्पना आपल्याला नवी नाही. बाष्पक सांभाळणाऱ्याला पात्रतेचे प्रमाणपत्र लागते, तारतंत्र्याला लागते, मोटार हाकणाऱ्याला लागते. इतकेच काय, आरागिरणीलाही परवाना लागतो. गोदावर्मन खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ पासूनच्या आदेशांनी तर नव्या गिरण्यांवर कडक बंधने घातली. मात्र ती सारी काळजी झाडाची आहे. लाकूड कोठून आले हे वनखाते विचारते आणि ते विचारलेच पाहिजे. ते चिरणाऱ्याला चिरण्याचे ज्ञान आहे काय, हा प्रश्न कोणत्याच खात्याचा नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता या उदासीनतेचे कारण उघड आहे. शिकविण्याचा खर्च मालकाचा, आणि शिकलेला कामगार उद्या शेजारच्या शेडमध्ये गेला की तो बुडाला. अपघाताचा खर्च मात्र मुख्यतः कामगाराच्या घराचा. १९२३ च्या नुकसानभरपाई अधिनियमाच्या परिशिष्टात अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के घटली, तर्जनी गेली तर १४ टक्के, असे कोष्टक दिलेले होते. सुताराचा अंगठा आणि कारकुनाचा अंगठा तेथे एकाच भावाने मोजला जातो. एवढी रक्कम मिळवावयाची तर आपण नोकरीत होतो हे आधी सिद्ध करावे लागते. हजेरीपट नसलेल्या शेडमध्ये ते कसे करावे?

म्हणून पात्रतेची पडताळणी हवी, असे म्हटले की दोन आक्षेप येतात. पहिला चिरीमिरीचा: आणखी एक कागद, आणखी एक दलाल. तो खोटा नाही. दुसरा अनुभवाचा: वीस वर्षे करवत चालविणाऱ्याची परीक्षा कोण घेणार? पण वीस वर्षांचा अनुभव म्हणजे पुष्कळदा एकच चूक वीस वर्षे निभावून गेलेली असते. फळी रुंद असेपर्यंत हात दूर राहतो. ती अरुंद होत जाते तसा तो पात्याजवळ येतो, आणि सरावलेला माणूस नेमका तेथेच काठी घेण्याचा कंटाळा करतो.

पडताळणी लेखी प्रश्नांनी होणारच नाही. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील सुतारकामाच्या निदेशकाने शेडमध्ये यावे आणि रोजच्याच यंत्रावर अर्धा तास काम पाहावे. पाते बदलण्यापूर्वी तो वीज तोडतो काय. पात्याची उंची फळीपेक्षा थोडीशीच वर ठेवतो काय. जुन्या घराच्या सागवानात खिळा आहे की नाही हे आधी चाचपतो काय. हातमोजा काढतो काय. लाकूड उसळून मागे फेकले जाईल त्या रेषेतून बाजूला उभा राहतो काय. बटण बंद केल्यावर पाते पूर्ण थांबेपर्यंत हात आवरतो काय. पट्ट्याच्या करवतीवर उत्तीर्ण झालेल्याला गोल करवतीची वेगळी परीक्षा द्यावी लागावी.

या सर्वांत एक धोका मात्र आहे आणि तो आक्षेपकांच्या सहसा लक्षात येत नाही. नुकसानभरपाईच्या कायद्याने मालकाला एक पळवाट ठेवलेली आहे: मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले नसेल आणि कामगाराने सुरक्षेचे साधन मुद्दाम काढले किंवा आज्ञा मुद्दाम मोडली असेल, तर भरपाईची जबाबदारी राहत नाही. बोटांचे अपघात नेमके या वर्गात बसतात. कामगाराच्या नावाने ‘सर्व सूचना समजल्या’ असे प्रमाणपत्र फाईलला लागले की, उद्या तेच त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे येईल. टोपण कामगाराने काढले की नगावर मजुरी ठरविणाऱ्या घाईने काढविले, हे त्या कागदावर लिहिलेले नसते. तेव्हा निदेशकाने माणसाआधी यंत्र तपासले पाहिजे. टोपण नाही, मागचे पाते नाही, काठी नाही, तर परीक्षा तेथेच थांबावी आणि नापास म्हणून मालकाचे नाव लिहिले जावे. प्रमाणपत्राची प्रत कामगाराजवळ राहावी. त्यावर शेडचे नाव आणि तारीख असली म्हणजे नोकरीचा पुरावाही आपोआप तयार होईल.

यासाठी अगदी नवी यंत्रणा उभारावी लागेल असे नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. तीत ५ ते ७ दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपये अशी तरतूद आहे. परंतु ती स्वतःचा धंदा करणाऱ्या कारागिरासाठी. शेडचा मालक तीत बसू शकतो. त्याच्या करवतीपुढे फळी धरणारा मजूर बसत नाही. विद्यावेतनाची तीच तरतूद या मजुराच्या परीक्षेच्या दिवसाला लावली, तर त्याचा रोज बुडणार नाही, आणि निदेशकाला मुरबाडहून धसईला पाठविण्याचा खर्च एसटीच्या तिकिटाएवढा आहे.