'सर्व्हर डाऊन' म्हणजे काय? माहितीसोबत सेटिंगचाही बॅकअप का लागतो?

साखरखेर्डा : पीककर्जाची नाहीतर पीकविम्याची घाई असली की सातबाऱ्यासाठी केंद्रावर गर्दी होते. तेवढ्यात कळतं, "सर्व्हर डाऊन हाय." मग आपली माहिती गेली का, हा प्रश्न पडतोच. बहुतेक वेळा माहिती जाग्यावर असते, बिघाड दुसरीकडे असतो.

मोठी ऑनलाईन सेवा एका कॉम्प्युटरवर चालत नाही. अनेक सर्व्हर एकत्र जोडतात, त्याला क्लस्टर म्हणतात. एक बंद पडला तर दुसरा काम ओढतो. पण कोणता सर्व्हर कोणतं काम करणार, कोणाला कुठं प्रवेश द्यायचा, हे सगळं सेटिंगमध्ये लिहिलेलं असतं.

आपल्या ठिबकचंच बघा. मोटर जळाली तर नवी आणता येते, विहिरीत पाणीही आहे. पण कोणता व्हॉल्व्ह कोणत्या प्लॉटचा अन् किती वेळ चालवायचा, हे फक्त एकालाच ठाऊक असलं अन् तो गावाला गेला, तर पाणी असून पीक वाळतं. सर्व्हरचंही तसंच. माहिती शाबूत, पण सेटिंग गेली तर सेवा बंद.

म्हणून त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर असतं. 'कुबरनेटीस' पद्धतीच्या क्लस्टरची सेटिंग 'ईटीसीडी' नावाच्या साठ्यात असते. एका कमांडने तिची पूर्ण प्रत फाईलमध्ये निघते. हे काम रोज आपोआप होईल असं लावून ठेवता येतं.

मात्र ती प्रत त्याच मशीनवर ठेवून उपयोग नाही. 21 जून 2012 रोजी मंत्रालयाला आग लागली तेव्हा कागदी फायली जळाल्या. ज्या कागदाची प्रत दुसरीकडे नव्हती, तो गेलाच. म्हणून नियम आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी.

अन् बॅकअप लावून पाहावा लागतो. पेरणीआधी आपण सोयाबीनचे 100 दाणे गोणपाटात ठेवून उगवण बघतो. 70 उगवले तर बियाणं पेरायला चालतं. न तपासलेला बॅकअप म्हणजे न तपासलेलं बियाणं.

आपण काय करावं? महाभूमी पोर्टलवरून 15 रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा निघतो. मुदतीच्या आठ दिवस आधीच तो काढून मोबाईलमध्ये ठेवा, एक प्रत ईमेलवर ठेवा. केंद्रचालकांनीही प्रिंटर, राऊटरची सेटिंग वहीत लिहून ठेवावी. शेवटच्या दिवशी सर्व्हर बसला तरी आपलं काम अडणार नाही.