सांगा पाहू, दगडफूल म्हणजे काय?

घरबसल्या मसाले, कुरडया, साड्या, खोट्या दागिन्यांचे सेट विकणाऱ्या कितीतरी जणी आज तालुक्याच्या गावागावांत आहेत. दुकानाचं भाडं नको, पाटी नको, मोबाइल हेच दुकान. सकाळी उठलं की स्टेटसला फोटो टाकायचा आणि खाली लिहायचं, ‘ऑर्डर चालू आहेत’. पहिले आठ-पंधरा दिवस बायका बघतात, चौकशा करतात. पुढे तेच फोटो, तोच मजकूर. बघणारीचं बोट सरळ पुढे सरकतं. तिचा तरी काय दोष? तिच्या मोबाइलवर अशा दहा जणींचे मसाले असतात!

आता फोटोच्या जागी एक प्रश्न टाकून बघा. ‘सांगा पाहू, गोड्या मसाल्यातलं दगडफूल म्हणजे नेमकं काय? फूल, साल, मूळ, की यातलं काहीच नाही?’ वर्षानुवर्षं दगडफूल भाजत आलेली बाईसुद्धा क्षणभर थांबते. अरेच्चा, हे कधी मनातच आलं नाही! ती थांबली, हीच पहिली कमाई.

कोड्यांची आवड आपल्याला काही आजची नाही. उखाण्यांपासून पुरवणीतल्या शब्दकोड्यांपर्यंत सगळीकडे आपण रमतो. झी मराठीवर २००४ साली सुरू झालेला ‘होम मिनिस्टर’ २० वर्षं चालला. पैठणी एकीलाच मिळायची, तरी टीव्हीसमोर बसून तो खेळ हजारो घरांत रंगायचा. हीच गंमत धंद्यासाठी वापरायची, त्याला मार्केटिंगवाले ‘क्विझ’ म्हणतात.

सोय तुमच्या हातातच आहे. इन्स्टाग्रामच्या स्टोरीत २०१९ पासून क्विझचं स्टिकर मिळतं. प्रश्न लिहायचा, चारपर्यंत पर्याय द्यायचे, बरोबर उत्तर आधीच ठरवून ठेवायचं. उत्तर देणारीला बरोबर की चूक ते लगेच कळतं आणि कोणी काय उत्तर दिलं ते तुम्हाला दिसतं. स्टोरी २४ तास राहते. व्हॉट्सअ‍ॅपवर २०२२ च्या अखेरीस पोल आला, त्यात १२ पर्यंत पर्याय देता येतात. पण इथे एक मेख आहे. ग्रुपमधल्या पोलमध्ये कोणी कशाला मत दिलं, ते सगळ्यांना दिसतं. सोसायटीतल्या साठीच्या काकूंना चार सुनांसमोर चुकीचं उत्तर द्यायला कसं आवडेल? त्या गप्प बसतील आणि तुम्हाला वाटेल, कोणाला रसच नाही. म्हणून ग्रुपवर आवडीनिवडीचे प्रश्न विचारा, ज्यात चूक-बरोबर काही नसतंच. माहितीचा प्रश्न स्टेटसला टाका आणि ‘उत्तर मला एकटीला कळवा’ म्हणा.

आणि प्रश्न मालातलाच हवा बरं का! मसाला विकणारीने ‘भारताची राजधानी कोणती’ विचारून काय साधणार? उत्तरं येतील, पण मसाल्याचा विषयच निघणार नाही. दगडफुलाचं उत्तर मात्र बोलकं आहे. ते ना फूल, ना साल, ना मूळ. बुरशी आणि शैवाल एकमेकांच्या आधाराने वाढतात, तसला हा प्रकार. झाडांच्या सालीवर, खडकांवर चिकटून असतो. कच्चं असताना त्याला फारसा वास नसतो, तेलावर परतलं की खरा वास सुटतो. शिवाय त्यात सालीचे तुकडे, माती असते, ते निवडावं लागतं. दुसऱ्या दिवशी हे सगळं चार ओळींत लिहा, शेवटी फक्त एवढंच म्हणा, ‘आम्ही दगडफूल हाताने निवडतो आणि वेगळं परततो.’ झाली तुमची जाहिरात! माझ्या मते क्विझमधला हा दुसरा दिवसच खरा महत्त्वाचा, आणि बहुतेक जणी नेमका तोच विसरतात. उत्तर देणारी वाट बघत राहते आणि तुम्ही पुन्हा फोटो टाकायला मोकळ्या.

साड्या विकत असाल तर पैठणीच्या पदराची उलटी बाजू दाखवा. हातमागाची कोणती, यंत्रमागाची कोणती? हातमागावरच्या पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, यंत्रमागाच्या पदरामागे बहुधा सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. कोल्हापुरी चपला ठेवत असाल तर विचारा, २०१९ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन फक्त कोल्हापूरचं का? नाही. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार, अशा आठ जिल्ह्यांचं ते आहे. असं उत्तर वाचलेली बाई पुढच्या वेळी दुकानात गेली की पदर उलटून बघते, आणि ‘हे मला अमुक ताईंनी सांगितलं’ असंही म्हणते.

बक्षीस ठेवायचं का? ठेवा, पण आपल्याच मालाचं आणि लहानसं. मोबाइल रिचार्ज ठेवलंत तर रिचार्जवाले जमतील, मसाल्याची १०० ग्रॅमची पाकिटं ठेवलीत तर मसाला खाणाऱ्या. बरोबर उत्तरं पुष्कळ आली तर घरातल्या लेकराकडून चिठ्ठी काढून त्याचा व्हिडिओ टाका. भाग घ्यायला पैसे मात्र घेऊ नका, अगदी दहा रुपयेसुद्धा नाहीत. पैसे घेऊन चिठ्ठी काढली की ते लॉटरीकडे झुकतं आणि कायद्याचा प्रश्न येतो. ‘आपल्या वॉलवर शेअर कराल तरच स्पर्धेत’ अशी अटही फेसबुकच्या नियमांत बसत नाही. उलट, लाइक आणि टॅगची भीक मागणाऱ्या पोस्ट मागे टाकणार असं फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्येच सांगितलं होतं.

आता थोडं गंभीर. ‘तुम्ही कोणत्या शहरात राहायला हवं?’ ही बझफीडची क्विझ २०१४ साली जगभर गाजली. का? कारण उत्तर स्वतःबद्दलचं होतं. माणसाला स्वतःबद्दल ऐकायला फार आवडतं. याच आवडीचा फायदा घेऊन त्याच सुमारास फेसबुकवर एक स्वभावचाचणी फिरली. लोकांनी गंमत म्हणून ती सोडवली, पण त्यांच्याबरोबर त्यांच्या मित्रमैत्रिणींचीही माहिती उचलली गेली आणि केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीपर्यंत पोचली. २०१८ मध्ये फेसबुकने आकडे दिले. भारतात ते अ‍ॅप घेतलं होतं फक्त ३३५ जणांनी, आणि माहिती पोचली असण्याची शक्यता होती ५ लाख ६२ हजारांवर लोकांची! पुढे २०१९ मध्ये अमेरिकेत खासगी माहितीच्या हेळसांडीबद्दल फेसबुकला ५ अब्ज डॉलर दंड झाला.

तुम्ही म्हणाल, आमच्या मसाल्याशी याचा काय संबंध? आहे ना. ‘माहेरचं आडनाव आणि जन्मतारीख लिहा, तुमचा स्वभाव सांगतो’ असले खेळ आपल्या ग्रुपवरही येतात. बँकेच्या ओळख पटवण्याच्या प्रश्नांत जे असतं, नेमकं तेच त्यात विचारलेलं असतं. त्यातच ‘केबीसीत २५ लाख लागले’ म्हणून आलेल्या मेसेजमुळे कितीतरी घरांत पैसे गेलेत. त्यामुळे तुमची ग्राहक सावध आहे, आणि असायलाच हवी. तिला तुमच्या प्रश्नात लिंक दिसता कामा नये, ओटीपी नको, जन्मतारीख नको. वर तुमचं नाव, खाली नियम, शेवटची तारीख, बस्स. पत्ता फक्त जिंकलेलीकडून घ्या आणि तोही ग्रुपवर मागू नका. उत्तरं देणाऱ्यांचे नंबर दुसऱ्या कुणाला ‘धंद्यासाठी’ देणं तर साफ चुकीचं. गावात ही गोष्ट लपत नाही.

उत्तरांतून तुम्हाला मात्र पुष्कळ कळतं, फक्त ते टिपून ठेवायला हवं. ‘तुमच्याकडे मिसळ कशी लागते, झणझणीत, मध्यम की बेताची?’ या प्रश्नावर ज्यांनी ‘बेताची’ सांगितलं, त्यांना व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये ‘कमी तिखट’ असं लेबल लावता येतं. नवा कमी तिखटाचा मसाला केलात की फक्त त्यांनाच निरोप पाठवा. सगळ्यांना सगळं पाठवलं की लोक नंबर म्यूट करतात. प्रश्न आठवड्याला एक पुरे, रोज परीक्षा कोणाला हवी? वेळ म्हणाल तर रात्रीची भांडी आवरल्यानंतरची.

दिवाळीच्या महिनाभर आधी ‘चकली भाजणीची की तांदळाची?’ असा पोल जरूर घ्या. पण त्यावर विसंबून दहा किलो भाजणी दळून आणू नका. मत द्यायला पैसे पडत नाहीत. पन्नास जणींनी भाजणीला हात वर केला, म्हणजे पन्नास ऑर्डरी नव्हेत. पोल संपला की ज्यांनी मत दिलं त्यांना एकेकीला विचारा, ‘वहिनी, अर्धा किलो लिहू का?’ हो म्हणाल्या की निम्मे पैसे आगाऊ घ्या, मग भाजणीला लागा.