कंपासपेटीतली पट्टी आणि पापलेट

समुद्र वाचवायचा म्हणजे काय करायचं, असं किनाऱ्यावरच्या कुठल्याही सहावीच्या वर्गात विचारावं. पहिलं उत्तर बहुधा प्लॅस्टिकचं येतं. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांत पर्यावरण शिकवणं सक्तीचं करायला सांगितलं. विषय आला, पण त्यातला समुद्र बराचसा घोषवाक्यांपुरताच राहिला. घोषवाक्याला माप नसतं. समुद्र मात्र मोजल्याशिवाय कळत नाही.

कोळ्यांच्या घरात हे माप असतंच. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते: पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. शाळेत गणिताच्या तासाला मात्र अजून नळ आणि टाकी!

मोजमापाचा सगळ्यात चांगला धडा मासळीबाजारात आहे. २०२३ साली महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा केलं. त्याच सुमारास ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला, त्याहून लहान मासा पकडायचा नाही. पापलेट १३५ मिलिमीटर, सुरमई ३७० मिलिमीटर. म्हणजे पापलेटला कंपासपेटीतली पंधरा सेंटिमीटरची पट्टी पुरते, सुरमईला मात्र फूटपट्टीही अपुरी पडते. बाजाराच्या एका फेरीत मुलांचे मासे मोजून होतात, सरासरी होते, आलेखही निघतो. पाटीवरचे किती मासे मापात बसले नाहीत, हे आकड्यात दिसलं की पिल्लं जाळ्यात गेल्यावर पुढच्या हंगामाचं काय, हा प्रश्न मुलं आपणहून विचारतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या किनाऱ्याला का लागतात, हेही मग वेगळं पाठ करावं लागत नाही.

पण इथेच हा उपक्रम फसू शकतो. पट्टी घेऊन गेलेल्या मुलीची आईच त्या पाटीमागे बसलेली असेल तर? लेकीला आईवर पहारेकरी नेमणं हे शिक्षण नव्हे. पाटीमागची बाई मासा विकते, समुद्रात जाळं ती टाकत नाही. म्हणून मोजणी पाटीपाशी थांबवू नये, जाळ्यापर्यंत न्यावी. ओहोटी-भरतीच्या ओढीवर लावलेली डोल आणि मासळीच्या अख्ख्या थव्याला वेढा घालणारं पर्ससीन यांत फरक काय? जाळ्याचा आस, म्हणजे त्याचं भोक, केवढा? प्रखर दिव्यांवर मासळी गोळा करून पकडायला केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, ती का?

कासवांचा धडा त्यामानाने सोपा, कारण कासव कुणाच्या पोटावर येत नाही. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावाला हाताशी धरून ऑलिव्ह रिडलेची घरटी राखली, आणि तिथला कासव महोत्सव आज शहरी मुलांच्या सहलीचं ठिकाण झाला आहे. पिल्लू पाण्यात जाताना पाहून मुलं हरखतात, ते चांगलंच. पण तेवढ्यावर समुद्र-शिक्षण झालं असं समजणं ही पळवाट आहे. पापलेटाच्या धड्यात भांडण आहे, म्हणून तो आधी घ्यावा, आणि त्या तासाला मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्यालाही बोलवावं. कुठल्या जाळ्याला परवाना आहे, किती नौका तपासल्या, कितींना दंड झाला, हे मुलांनी त्यालाच विचारावं.