रायगड : जोत्यांवरून वाचावी राजधानी
महाडजवळच्या रायगडावर रोपवेने काही मिनिटांत पोहोचणारा पर्यटक प्रथम हिरमुसतो. समोर वाडे नसून केवळ दगडी जोती दिसतात. ६ जून १६७४ रोजी शिवराज्याभिषेक झालेली ही राजधानी मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी पेटली. लाकूडकाम जळाले, दगड उरला. म्हणूनच येथे जोत्यांची मांडणी समजून घ्यावी. नगारखान्यातून राजसभेत शिरल्यास सिंहासनाची जागा थेट समोर येते. उतरताना शक्यतो पायऱ्यांची वाट धरावी. दोन बुरुजांआड दडलेला महादरवाजा रोपवेच्या प्रवाशाला भेटतच नाही. जुलै २०२५ मध्ये रायगडासह बारा मराठा किल्ले जागतिक वारसा ठरले. आगीतून वाचलेल्या या दगडांवर नावे न कोरणे, एवढे तरी प्रत्येकाच्या हाती आहे.